थंडीत बंद पडलेला गिझर

धुळे-जळगावात थंडीच्या लाटेत पारा 10 अंशांखाली उतरतो, गिझर जास्त वेळ चालतो आणि तेव्हाच बंद पडतो. मूळ कारण पुष्कळदा बोअरचे जड पाणी असते. पाणी तापले की त्यातले क्षार कॉइलवर बसतात. तो थर उष्णता अडवतो आणि कॉइल जळते. म्हणूनच नुसती कॉइल बदलणे मला अर्धवट दुरुस्ती वाटते. टाकी धुऊन क्षार काढायला, झिजलेला मॅग्नेशियमचा रॉड बदलायला मेकॅनिकला आग्रहाने सांगावे. कडाक्यात एवढा वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप रास्त आहे. घरात म्हातारी माणसे, तान्ही बाळे असतात. पण एखादा दिवस बंबावर निभावतो. थर तसाच राहिला तर नवी कॉइलही लवकर जाते. बंब मात्र उघड्यावरच पेटवावा, कारण बंद न्हाणीघरात साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.