लाल वाइन आणि आपलं ताट

नाशिक-पुण्याकडची पाहुणेमंडळी हल्ली पेढ्यांच्या पुड्याबरोबर कधीमधी लाल वाइनची बाटलीही आणतात. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आखलं आणि नाशिकच्या वाइनला बळ आलं. मग आमच्या नेकनूरसारख्या गावातल्या गृहिणीलाही प्रश्न पडतो, हिच्याबरोबर करायचं तरी काय?

मैत्रिणींनो, आधी तिचा स्वभाव ओळखा. काळी द्राक्षं सालीसकट आंबवतात. सालीतून रंग उतरतो आणि साली-बियांतून टॅनिन, म्हणजेच तुरटपणा. जांभळं खाल्ल्यावर जीभ कशी कोरडी पडते ना, अगदी तस्सं! ‘शिराझ’ जातीच्या द्राक्षांच्या वाइनला तर मिऱ्यांचा वासही येतो. गोडी बहुधा नसतेच, कारण साखरेचं मद्य झालेलं असतं. तेव्हा ‘द्राक्षाचं सरबत’ म्हणून कुणी पुढे केली तर भुलू नका.

आता सोबतीचं. कडक चहाचा तुरटपणा दुधाने मोडतो, कारण दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात. इथेही तेच. म्हणून चीज, मिरपूड लावून तव्यावर परतलेलं पनीर, आलं-लसूण-मिरीचं सुकं मटण हे हिच्याबरोबर छान जमतं. आपला झणझणीत येसराचा रस्सा मात्र नको. मद्याने तिखट जास्तच झोंबतं. पुरणपोळीही नको. गोडावर ही आंबट-कडू लागते.

लाल वाइन थंड करू नये म्हणतात, पण तो नियम थंड मुलखातला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्येच ठेवावी. तीन-चार दिवस बरी राहते.

आणि महत्त्वाचं. हिच्यात मद्यार्क शेकडा १२ ते १४ असतो, साध्या, सौम्य बिअरच्या दुपटीहून जास्त. ‘हृदयाला चांगली’ म्हणणारे भेटतील. पण मद्याचं कुठलंच प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. गरोदर बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने, औषधं चालू असलेल्यांनी लांबच राहावं. गाडी चालवत परत जाणाऱ्या पाहुण्यालाही देऊ नये. महाराष्ट्रात २१ वर्षांखालच्यांना तर कायद्यानेच मनाई आहे.

दारूपायी धुळीला मिळालेले संसार आपण आजूबाजूला पाहतो. म्हणून, सोबतीचं ताट आपण करणार असू, तर घरात बाटली उघडायची की नाही हेही आपल्याला विचारूनच ठरावं. ‘नको’ म्हटलं म्हणून कुणी मागासलेली ठरत नाही, बरं का!