भाषांतराच्या आधीचे काम

आंतरराष्ट्रीयीकरण म्हटले की परदेशात पसरणे डोळ्यांसमोर येते. संगणकाच्या क्षेत्रात मात्र हा शब्द घरातच करायच्या तयारीला वापरतात. मूळ इंग्रजी शब्दाच्या पहिल्या आणि शेवटच्या अक्षरांमध्ये 18 अक्षरे येतात, म्हणून तिथली मंडळी त्याला ‘आय-एटीन-एन’ म्हणतात. प्रोग्रॅम लिहितानाच त्यात एखाद्या भाषेच्या सवयी पक्क्या न करणे, हे ते काम. मराठी मजकूर भरणे ही पुढची पायरी, ते स्थानिकीकरण. मराठी ॲप वापरताना जे खटकते, त्यातले पुष्कळसे ही पहिली पायरी गाळल्यामुळे खटकते, असे माझे ठाम मत आहे.

इंग्रजीत नाम बदलले तरी ‘सापडले’ या अर्थाचे क्रियापद तेच राहते. आपल्याकडे फोटो सापडला, फाइल सापडली, पत्र सापडले. प्रोग्रॅममध्ये नामाची जागा मोकळी सोडून पुढे एकच क्रियापद कायमचे डकवले असेल, तर कितीही जाणकार भाषांतरकार आणला तरी ‘फाइल सापडला’ टळत नाही. आणि बोल मात्र त्यालाच लागतो. 12,34,567 मधले स्वल्पविराम चुकीच्या जागी पडतात, तेही याच कारणाने. शोधाची अडचण आणखी सूक्ष्म आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या, हा फरक मराठीला जपावाच लागतो. पण ‘दऱ्या’मधला र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, यंत्राला मात्र ती निराळी वाटतात. ती एकच धरण्याची सोय आधी केली नसेल, तर शब्द मजकुरात असूनही शोधात येत नाही.

इंग्रजीवर भागते, मग एवढा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. भागते ते इंग्रजी येणाऱ्यांचे. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाखांहून अधिक होते. खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण छोट्या कंपनीकडे वेळ आणि माणसे दोन्ही कमी असतात. पण तयार प्रोग्रॅम उसवून वाक्ये पुन्हा बांधणे त्याहून महाग पडते. शिवाय सगळे स्वतः शोधून काढावे लागत नाही: महिन्यांची नावे, आकड्यांची मांडणी, अकारविल्ह्याचे नियम अशी भाषावार माहिती युनिकोड संस्था विनामूल्य उपलब्ध करून देते आणि तिच्यात मराठीही आहे.