कोलेस्टेरॉलविरोधी औषधे व पूरक आहारद्रव्ये

कोलेस्टेरॉलविरोधी औषधे व पूरक आहारद्रव्ये : रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी डॉक्टरांनी दिलेले औषध चालू असताना रुग्ण त्याच्या जोडीला स्वतःहून जी चूर्णे, वनस्पतींचे अर्क, तेलाच्या कुप्या, जीवनसत्त्वांच्या गोळ्या इ. घेतो, त्यांच्या परस्परसंबंधाचा विचार या नोंदीत केला आहे. अशी द्रव्ये बहुधा ‘अन्नच आहे’ किंवा ‘झाडपाल्याचे आहे’ म्हणून निरुपद्रवी मानली जातात व डॉक्टरांना त्यांविषयी सांगितले जात नाही. तथापि अन्न व औषध हा भेद कायद्याने व व्यवहाराने केलेला आहे. यकृतातील रासायनिक विक्रियांना तो ठाऊक नसतो. पूरक द्रव्य औषधाचे काम वाढवू शकते, अडवू शकते किंवा औषधाचीच नकळत दुसरी मात्रा ठरू शकते.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ असून शरीराला लागणारे बरेचसे कोलेस्टेरॉल यकृतात तयार होते. रक्तातून ते प्रथिनयुक्त कणांच्या रूपाने वाहून नेले जाते. त्यांपैकी कमी घनतेच्या कणांतील (एलडीएल) कोलेस्टेरॉल रोहिण्यांच्या अस्तरात साचते व त्यामुळे हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा संभव वाढतो. स्टॅटिन वर्गातील औषधे यकृतातील एचएमजी-सीओए रिडक्टेज या एंझाइमाचे कार्य रोखतात. त्यामुळे यकृतात कोलेस्टेरॉलाचे संश्लेषण घटते आणि यकृतकोशिका ही तूट भरून काढण्यासाठी रक्तातील एलडीएल कण अधिक प्रमाणात ओढून घेतात. या वर्गातील पहिला पदार्थ जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ आकिरा एंडो यांनी एका हिरव्या बुरशीपासून वेगळा केला व १९७६ मध्ये त्यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध केले. लोव्हास्टॅटिन हे औषध १९८७ मध्ये अमेरिकेत वापरात आले. भारतात आज ॲटोर्व्हास्टॅटिन व रोझुव्हास्टॅटिन ही दोन प्रामुख्याने दिली जातात.

धाराशिव (२०२३ पर्यंतचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाला विशेष महत्त्व आहे. धाराशिव शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व त्याचे रुग्णालय पूर्वीपासून असून अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. एकाच रुग्णाने दोन्ही ठिकाणचे उपचार एकाच वेळी घ्यावेत आणि एकीकडील कागद दुसरीकडे दाखवू नयेत, असे सहज घडू शकते. त्यात दुकानातून परस्पर आणलेल्या डब्यांची भर पडते. दोन उपचारपद्धतींत श्रेष्ठ कोणती, हा येथे प्रश्न नाही. दोहोंचा मेळ घालणारे कोणी नसते, ही खरी अडचण आहे.

लोकांच्या परिचयाचे व बरेच अभ्यासले गेलेले उदाहरण गुग्गुळाचे आहे. गुग्गुळ हा राजस्थान, गुजरात इ. शुष्क प्रदेशांत वाढणाऱ्या काटेरी झुडपाचा डिंक असून मेदोरोगावर त्याचा उपयोग आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत सांगितला आहे. बनारस हिंदू विश्वविद्यालयात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ मध्ये सश्यांवरील प्रयोगांतून या वर्णनाची तपासणी केली. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुळाचा प्रमाणित अर्क विकसित केला व १९८०–९० या दशकात तो बाजारात आला. भारतातील आरंभीच्या चाचण्या अनुकूल होत्या. मात्र २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, १०३ प्रौढांना आठ आठवडे अर्क वा औषधहीन गोळी देऊन तुलना केली असता, अर्क घेणाऱ्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल कमी न होता ४ ते ५ टक्क्यांनी वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. दोन देशांतील निष्कर्षांत असा फरक का पडावा, याचे कारण आहारातील भेदात असावे असे काही संशोधक मानतात. पण ते सिद्ध झालेले नाही.

स्टॅटिन घेणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने मुद्दा आणखी एक आहे. गुग्गुळातील स्टेरॉन द्रव्ये यकृतातील सीवायपी३ए४ या एंझाइमाची निर्मिती वाढवितात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. सिमव्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन व काही अंशी ॲटोर्व्हास्टॅटिन यांचे विघटन याच एंझाइमाकडून होते. ते वाढल्यास औषध लवकर निकामी होणे शक्य असते. मुंबईतील संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुग्गुळाच्या अर्काबरोबर दिलेल्या डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल या हृदयविकारावरील दोन औषधांची रक्तातील पातळी घटलेली आढळली. स्टॅटिनांबाबत माणसांवरील असा पुरावा तुटपुंजा आहे. तरीही आयुर्वेदीय चिकित्सकाने गुग्गुळयुक्त कल्प दिला असेल, तर तो चालू असताना स्टॅटिनाची मात्रा ठरविणाऱ्या डॉक्टरांना त्याची माहिती असणे आवश्यक ठरते.

याच्या उलट प्रकार लाल यीस्टच्या तांदळाचा होय. मोनॅस्कस नावाच्या बुरशीने आंबविलेल्या या तांदळाच्या गोळ्या ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जातात. त्यांत मोनॅकोलिन के हा पदार्थ असतो आणि तो म्हणजेच रासायनिक दृष्ट्या लोव्हास्टॅटिन होय; एंडो यांनीच १९७९ मध्ये तो या बुरशीत दाखवून दिला. म्हणजे स्टॅटिनाची गोळी घेणारा रुग्ण या तांदळाची गोळी घेतो, तेव्हा तो न मोजलेले दुसरे स्टॅटिन घेत असतो. स्नायूंना इजा होण्याचा धोका त्यामुळे वाढतो. शिवाय डब्याडब्यांत या पदार्थाचे प्रमाण फार वेगवेगळे असते. यूरोपीय संघाने २०२२ मध्ये त्याची रोजची मर्यादा ३ मिग्रॅ.च्या आत ठेवली. जपानमध्ये २०२४ साली अशा गोळ्यांच्या काही साठ्यांत दुसऱ्याच बुरशीपासून आलेला विषारी पदार्थ सापडला व तो घेणाऱ्या अनेकांना मूत्रपिंडाचे विकार झाले.

फळांच्या बाबतीत नावामुळे होणारा एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. औषधाच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट टाळण्याची सूचना असते. धाराशिव व तुळजापूर भागांत द्राक्षबागा आहेत आणि या इंग्रजी नावावरून द्राक्षे वर्ज्य असल्याचा समज होऊ शकतो. ग्रेपफ्रूट हे लिंबूवर्गीय फळ असून पपनस व संत्रे यांच्या संकरातून ते निर्माण झाले. द्राक्षाशी त्याचा काही संबंध नाही. ग्रेपफ्रूटमधील फ्युरॅनोकुमारिने आतड्याच्या भित्तीतील वर उल्लेखिलेले एंझाइम निष्क्रिय करतात; परिणामी सिमव्हास्टॅटिन व लोव्हास्टॅटिन यांचे रक्तातील प्रमाण बरेच वाढते, ॲटोर्व्हास्टॅटिनाचे त्याहून कमी. हा परिणाम एक दिवसाहून अधिक टिकत असल्याने फळ सकाळी व गोळी रात्री घेऊन सुटका होत नाही. पपनसातही ही द्रव्ये असतात. मोसंबी, संत्री व द्राक्षे यांना ही हरकत नाही. मधुमेह असल्यास त्यांतील साखरेचा विचार अर्थातच वेगळा करावा लागतो. रोझुव्हास्टॅटिनावर ग्रेपफ्रूटचा लक्षणीय परिणाम होत नाही.

तंतुमय पदार्थ मात्र योग्य रीतीने घेतल्यास स्टॅटिनाला साहाय्यक ठरतात. इसबगोलाचा चिकट भाग आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतो व मलावाटे बाहेर नेतो. ती पुन्हा तयार करण्यासाठी यकृत कोलेस्टेरॉल खर्च करते. २००५ मधील एका चाचणीत १० मिग्रॅ. सिमव्हास्टॅटिनाबरोबर रोज १५ ग्रॅम इसबगोल दिल्याने २० मिग्रॅ. सिमव्हास्टॅटिनाइतकी एलडीएलची घट झाली. तथापि हाच चिकटपणा औषधालाही अडकवू शकतो. पेक्टिन व ओटचा कोंडा यांच्याबरोबर घेतलेल्या लोव्हास्टॅटिनाचा गुण घटल्याचे आढळले होते. म्हणून इसबगोल भरपूर पाण्यातून घ्यावा व त्यात आणि गोळीत दोन ते चार तासांचे अंतर ठेवावे. ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमयुक्त आम्लपित्तनाशक औषध रोझुव्हास्टॅटिनाबरोबर घेतल्यास त्याचे रक्तातील प्रमाण सु. निम्म्याने घटते, तेव्हा असे औषध गोळीनंतर दोन तासांनी घेतात.

जिल्ह्याच्या नेहमीच्या आहारातील जवस व करडई यांचा उल्लेख येथे करावयास हवा. जवसाच्या तेलात सु. निम्मे अल्फा-लिनोलेनिक अम्ल असते व बियांत विद्राव्य तंतूही असतात; जेवणातील जवसाच्या चटणीने स्टॅटिनात अडथळा येत नाही. करडईच्या तेलात सु. तीन-चतुर्थांश लिनोलेइक अम्ल असते. वनस्पती तूप किंवा लोणी यांच्या जागी ते वापरल्यास एलडीएल घटते. परंतु नेहमीच्या तेलतुपात काही कमी न करता वर चमचाभर करडईचे तेल औषध म्हणून घेतले, तर केवळ ऊर्जेत भर पडते. कुंथलगिरीच्या खव्याचा पेढा खाऊन त्यावर लसणाची गोळी घेण्यातही असाच हिशेब चुकतो. लसूण, दालचिनी, हळद, माशांचे तेल, वनस्पतिजन्य स्टेरॉल व लाल यीस्टचा तांदूळ या सहा पूरकांची रोझुव्हास्टॅटिनाच्या ५ मिग्रॅ. या लहान मात्रेशी तुलना करणारी २८ दिवसांची चाचणी अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या औषधाने एलडीएल सु. ३८ टक्क्यांनी घटले. सहांपैकी एकाही पूरकाचा परिणाम औषधहीन गोळीहून सरस ठरला नाही. चाचणी अल्प मुदतीची होती, हे खरे. तरी रोजच्या स्वयंपाकातील लसूण-हळद आणि त्यांचे संहत अर्क यांत फरक केला पाहिजे. मिरीतील पायपरीन मिसळलेल्या हळदीच्या अर्काने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

जीवनसत्त्वांपैकी नायासिन (ब३) मोठ्या मात्रेत पूर्वी स्टॅटिनाच्या जोडीला देत असत. २०११ व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याचा अधिक लाभ दिसला नाही. उलट दुसऱ्या चाचणीत रक्तशर्करेतील वाढ, स्नायूंच्या तक्रारी व संसर्ग अधिक आढळले. को-एंझाइम क्यू१० ची निर्मिती स्टॅटिनाने घटते, म्हणून ते स्नायुदुखीवर सुचविले जाते. चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. ड जीवनसत्त्व रोज दिल्याने स्टॅटिनामुळे होणारी स्नायुदुखी टळत नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. या जीवनसत्त्वाची खरोखर न्यूनता असल्यास ती भरून काढावी, परंतु आठवड्यातून एकदा घ्यावयाची ६०,००० एककांची मात्रा रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक रीतीने वाढते.

कायद्याच्या दृष्टीने ही द्रव्ये वेगवेगळ्या गटांत मोडतात. स्टॅटिने केवळ नोंदणीकृत चिकित्सकाच्या चिठ्ठीवर विकावयाची असतात. आयुर्वेदीय कल्पांना १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम लागू होतो, तर पूरक आहारद्रव्ये २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाखाली येतात. त्यांच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा आशयाची सूचना असावी लागते. ती बारीक इंग्रजी अक्षरांत असेल, तर ज्याच्यासाठी ती आहे त्याला तिचा फारसा उपयोग होत नाही.

सर्वांत गंभीर हानी मात्र परस्परक्रियेमुळे नव्हे, तर पूरकावर भिस्त ठेवून स्टॅटिन बंद केल्याने होते. औषध थांबविल्यावर काही आठवड्यांत एलडीएल पूर्वीच्या पातळीवर येते आणि त्याची कोणतीही जाणीव रुग्णाला होत नाही. एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा रोहिणीत जाळी (स्टेंट) बसविलेल्या रुग्णात हे विशेष धोक्याचे असते. स्नायू दुखू लागल्यास औषध परस्पर न सोडता डॉक्टरांकडे जावे; कारण अवटू ग्रंथीचे कार्य मंदावणे, ड जीवनसत्त्वाची न्यूनता किंवा शेतीतील श्रम हेही असू शकते. तीव्र दुखण्याबरोबर अशक्तपणा व काळ्या चहासारखी लघवी झाल्यास मात्र पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडे निकामी होण्याचे ते लक्षण असू शकते.

तपासणीस जाताना घरातील सर्व डबे, पुड्या व बाटल्या पिशवीत घालून नेणे हा साधा उपाय उपयुक्त ठरतो, कारण नावे लक्षात राहत नाहीत व पुडीवर ती बहुधा नसतातच. नवे पूरक सुरू करावयाचेच असल्यास आधी रक्तातील वसा व यकृताची एंझाइमे तपासून घेतात, एका वेळी एकच बदल करतात आणि सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. दोन-तीन गोष्टी एकदम सुरू केल्यास गुण कशाचा व अपाय कशाचा, हे ठरविता येत नाही.