फुप्फुसाचा कर्करोग : किरणोपचाराला इम्युनोथेरपीची जोड

फुप्फुसाचा कर्करोग औषधांना दाद देईनासा झाला की ‘आता इम्युनोथेरपी आणि रेडिओथेरपी एकत्र दिली तर?’ हा प्रश्न कुटुंबीयांच्या मनात येतो. वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आजाराच्या टप्प्यावर अवलंबून असते.

कर्करोगाच्या पेशी शरीराच्या संरक्षक पेशींना जणू गुंगी देतात. इम्युनोथेरपीची औषधे ही गुंगी उतरवतात. या शोधासाठी २०१८ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. किरणांनी नष्ट झालेल्या पेशींचे अवशेष संरक्षक पेशींना शत्रूची ओळख पटवून देतात. म्हणूनच या दोहोंची सांगड घालण्याची कल्पना पुढे आली.

तिसऱ्या टप्प्यातील ज्या रुग्णांची गाठ शस्त्रक्रियेने काढता येत नाही, त्यांच्यात हिचा लाभ सिद्ध झाला आहे. केमोथेरपी व किरणोपचार पूर्ण झाल्यावर वर्षभर ड्युर्व्हालुमॅब घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे ४३ रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. ते न घेतलेल्यांपैकी ३३. मात्र हेच औषध किरणोपचाराच्या सोबतीनेच सुरू केले तेव्हा अपेक्षित लाभ दिसला नाही. क्रमाला असे महत्त्व आहे.

चौथ्या टप्प्यात, इम्युनोथेरपी निष्प्रभ ठरल्यावर किरणांमुळे ती पुन्हा गुणकारी होईल, अशी खात्री आज देता येत नाही. हाडांतील वेदना, मेंदूतील गाठ किंवा थुंकीतून पडणारे रक्त यांवर मात्र किरणोपचार निश्चित उपयोगी पडतात. म्हणून शेत किंवा दागिने मोडण्यापूर्वी तज्ज्ञांना स्पष्ट विचारा : उपचार आयुष्य वाढवण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? जनुक तपासणी झाली आहे का? ‘ईजीएफआर’ जनुकात बदल आढळल्यास इम्युनोथेरपीपेक्षा गोळ्यांचा उपयोग बहुधा अधिक होतो. एकूण खर्च किती? किरणोपचाराची सोय आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात आहे. तेथे योजनांचीही चौकशी करावी.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. या उपचारांनंतर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही, फुप्फुसाला सूज येऊ शकते. नवा कोरडा खोकला, वाढती धाप किंवा ताप यांना ‘हवा बदलली’ म्हणून दुर्लक्षू नका. त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञांना कळवा. वेळीच ओळखलेली सूज बहुधा आटोक्यात येते. घरातील वडीलधारे आपला त्रास बोलून दाखवतीलच असे नाही. त्यांचा श्वास आपणच पाहावा.