काखेतली काळी खपली

पोळ्याच्या सुमारास विदर्भातील दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढू लागतात. डेंग्यूची तपासणी होते, मलेरियाची होते, दोन्ही निगेटिव्ह. सलाइन लागते, अँटिबायोटिकची इंजेक्शने सुरू होतात, पण आठवडा उलटला तरी ताप हटत नाही. मग धाप लागते, लघवी कमी होते, कोणी बरळू लागतो. अशा वेळी एखाद्या डॉक्टरने कपडे बाजूला सारून काख, जांघ, कमरेचा पट्टा, स्त्रियांच्या बाबतीत स्तनांखालची त्वचा नीट पाहिली, तर काहींच्या अंगावर विडीच्या चटक्यासारखी काळी खपली सापडते. ती सहसा दुखत नाही, खाजतही नाही. त्यामुळे रुग्ण आपणहून सांगत नाही. ही स्क्रब टायफसची खूण. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात या आजाराने बळी घेतले, तेव्हा हे नाव अनेकांनी प्रथमच ऐकले.

या आजाराचा मूळ पत्ता उंदराच्या कानात सापडतो. शेताच्या धुऱ्यावर, नाल्याकाठच्या झुडपांत, घरामागच्या वाढलेल्या गवतात उंदीर-घुशी फिरतात आणि त्यांच्या कानांवर माइट नावाच्या, गोचिडाच्या नात्यातल्या जिवाची पिले चिकटलेली असतात. सहा पायांची ही पिले, म्हणजे ‘चिगर’, साध्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. मोठा माइट मातीतच राहतो, तो चावत नाही. पिलाला मात्र मोठे होण्यासाठी एकदाच एखाद्या प्राण्याच्या त्वचेतील रस लागतो. उंदराऐवजी निंदायला बसलेला माणूस सापडला, तर त्याच्याही अंगावर ते चढते आणि चावताना ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जिवाणू सोडते. ताप येतो तो साधारण दहा-बारा दिवसांनी. तोवर शेतातला तो दिवस कोणाच्या लक्षात असणार?

उंदीर आणि त्याच्या अंगावरचे पाहुणे म्हटले की महाराष्ट्राला प्लेग आठवतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरच्या पिसवांचा त्यातला वाटा दाखवला. प्लेगचा उंदीर स्वतःही मरतो आणि मेला की पिसवा दुसरे अंग शोधतात. म्हणून आधी बिळांत कीटकनाशक, मग उंदीर मारणे, हा क्रम. स्क्रब टायफसमध्ये उंदीर सहसा आजारी दिसतही नाही. शिवाय मादी माइटकडून जिवाणू अंड्यांत आणि तेथून पुढच्या पिढीत उतरतो. त्यामुळे नुसत्या उंदरांमागे लागून भागत नाही. गवत, झुडपे काढावीच लागतात.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. यावरचे औषध, डॉक्सिसायक्लिन, जुने आहे, स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात मिळते. वेळेत सुरू झाले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. गरोदर स्त्रियांना अॅझिथ्रोमायसिन देता येते. उलट, तापात सर्रास दिली जाणारी पेनिसिलिन गटातील महागडी इंजेक्शने येथे निरुपयोगी, कारण हा जिवाणू पेशींच्या आत लपून वाढतो. रक्तातील आयजीएम एलायझा चाचणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्हही येऊ शकते. म्हणून संशय बळकट असेल तर रिपोर्टची वाट पाहत बसायचे नसते. खपली प्रत्येकात दिसत नाही, सावळ्या त्वचेवर ती सहज निसटते, हेही खरे.

शेतात जाताना पूर्ण बाह्या आणि बूट, घरी आल्यावर साबणाने अंघोळ व कपडे बदलणे, धुतलेले कपडे गवतावर न वाळवणे, एवढे तरी जमण्यासारखे आहे. लस उपलब्ध नाही. रुग्णापासून मात्र घरच्यांना भीती नाही, हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. पाच-सहा दिवसांचा ताप घेऊन दवाखान्यात गेलात, तर शेतात किंवा गवतात काम केल्याचे डॉक्टरांना न विचारता सांगा. आणि अंगावर कुठे काळी खपली असेल तर लाज न बाळगता तीही दाखवा.