ताबा व उपद्रव
ताबा व उपद्रव : जमीन वा घर यांवरील प्रत्यक्ष ताबा आणि त्याच्या निर्वेध उपभोगात आणला जाणारा उपद्रव यांविषयीच्या, मालक व ताबेदार यांच्यातील वादांना लागू होणारी विधितत्त्वे. मालकी हा हक्क असून ताबा ही प्रथमतः वस्तुस्थिती होय. घर भाड्याने दिल्यावर मालकी घरमालकाकडे राहते. ताबा मात्र भाडेकरूकडे जातो. शांततापूर्ण ताब्याला विधी मालकीहून स्वतंत्र असे संरक्षण देतो, हे या विषयाचे मुख्य सूत्र आहे.

प्राचीन विधी : रोमन विधीत मालकीचा प्रश्न बाजूस ठेवून ताबेदाराला संरक्षण देणारे आदेश काढले जात. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार मालकाच्या डोळ्यांदेखत व त्याने तक्रार न करता दुसऱ्याने वीस वर्षे भूमीचा उपभोग घेतल्यास मालकाची हानी होते. ही हानी भूमीची नसून तिच्या फळांची, म्हणजे उत्पन्नाची होय, असा अर्थ मिताक्षरेने लावला आहे.

ताब्याचे संरक्षण : विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ अन्वये संमतीवाचून व विधियुक्त मार्गावाचून बेदखल झालेल्या व्यक्तीस सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळविता येतो. प्रतिवादी स्वतः मालक असला, तरी ते उत्तर या दाव्यात चालत नाही. मालकीच्या आधारावर त्याने स्वतंत्र दावा केला पाहिजे. शासनाविरुद्ध मात्र असा दावा करता येत नाही. स्थिर ताबा असलेल्यास विधियुक्त मार्गानेच काढता येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६८, १९८९ व २००३ मधील निर्णयांत मान्य केले आहे. तथापि मालकाच्या वतीने राखण करणाऱ्या नोकराचा ताबा हा मालकाचाच ताबा समजतात. मालकीवर आधारलेल्या दाव्याची मुदत, ताबा प्रतिकूल झाल्यापासून बारा वर्षे आहे. ती उलटल्यास मालकाचा हक्कच नष्ट होतो. सातबाऱ्यावरील नोंद खरी असल्याचे गृहीत धरले जात असले, तरी विरुद्ध पुराव्याने ते खोडून काढता येते.

उपद्रव : शेजाऱ्याने जमिनीत शिरकाव केल्यास ते अतिक्रमण, धूर, धूळ, दुर्गंधी, कंप, गोंगाट किंवा सांडपाणी यांमुळे उपभोगात गैरवाजवी व्यत्यय आल्यास तो खाजगी उपद्रव होय. भारतात या ⇨अपकृत्याचे संहितीकरण झालेले नसून न्यायालये इंग्लिश विधीतील तत्त्वे अनुसरतात. किरकोळ गैरसोय पुरेशी नसते. परिसराचे स्वरूप, व्यत्ययाची तीव्रता व कालावधी विचारात घेतात. दवाखान्यालगतच्या विटा दळणाऱ्या यंत्राची धूळ हा उपद्रव असल्याचे अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ठरविले.

दावा कोणी करावा, हे ठरविताना पुन्हा ताबाच महत्त्वाचा ठरतो. १९०६ च्या एका इंग्लिश खटल्यात कालवे साठविण्याच्या तळ्यांत नगरसंस्थेचे सांडपाणी सोडण्यात आले होते. तळ्यांची मालकी सिद्ध करता आली नाही, तरी ती ताब्यात असणाऱ्या व्यापाऱ्याचा दावा मान्य झाला. याउलट, घरात केवळ राहणाऱ्या पण त्यात हक्क नसलेल्या कुटुंबियास असा दावा करता येत नाही, हे १९०७ मधील निर्णयातील तत्त्व हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९९७ मध्ये कायम केले. भाड्याने दिलेल्या मिळकतीच्या मालकाला, तिची कायम स्वरूपाची हानी होत असेल, तरच दावा करता येतो.

महाराष्ट्रातील तरतुदी : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा दोन्ही पक्षांना बांधतो. शेजारच्या रहिवाशांना उपद्रव देणाऱ्या भाडेकरूविरुद्ध घरमालकाला ताब्याचा दावा करता येतो. परंतु पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी घरमालकाने न्याय्य कारणाशिवाय तोडता कामा नयेत. शेतजमिनीबाबत मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ उपयोगी पडतो. बेदखल शेतकऱ्याला तत्काळ ताबा देणे व पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहातील बेकायदेशीर अडथळा दूर करणे, हे दोन्ही अधिकार त्याने मामलेदाराला दिले आहेत. येथेही सहा महिन्यांची मुदत आहे.

वादामुळे शांतताभंगाचा संभव असल्यास कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १६४ अन्वये ताबा कोणाचा, एवढेच ठरवितो. मालकीचा निर्णय दिवाणी न्यायालयाकडे राहतो. ताब्याला असे संरक्षण नसते, तर प्रत्येक वाद बळाच्या जोरावर मिटविला गेला असता. उलट, मालकीचा दावा वर्षानुवर्षे रेंगाळल्यास हेच संरक्षण खऱ्या मालकाला जाचक होते. म्हणून ताब्याचा निर्णय त्वरित व मालकीचा निर्णय वाजवी काळात होणे, यावर या व्यवस्थेची न्याय्यता अवलंबून आहे.