पासात जिम फुकट!

दहिसरकराला विचारा, व्यायाम करता का? उत्तर ठरलेलं: "अहो, वेळ कुठंय!" आणि हे सांगताना तो चालतच असतो. रिक्षाची रांग लांब म्हणून स्टेशनपर्यंत पायी, मग पुलाच्या पायऱ्या, मग इंडिकेटर बदलला म्हणून परत पूल आणि पलीकडचा फलाट. मुंबई महापालिकेच्या हद्दीतलं पश्चिम रेल्वेचं हे शेवटचं स्टेशन चर्चगेटपासून सुमारे ३६ किलोमीटरवर आहे. इतक्या लांब रोज ये-जा करणाऱ्या माणसाने वर्षाची फी आगाऊ भरून ट्रेडमिलवर चालायला जावं, यात काहीतरी गंमत आहेच. जिमला विरोध नाही. पण रेल्वेच्या पासात काय काय आधीच मिळतंय आणि ते आपण कुठे उधळतो, याचा हिशेब एकदा मांडायला हरकत नाही.

गाडी सुटेल म्हणून पळालात? छान!

२०२२ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात एक अभ्यास आला. ब्रिटनमधली पंचवीस हजारांवर माणसं, सगळी 'आम्ही व्यायाम करत नाही' म्हणणारी. त्यांच्या मनगटावर हालचाल मोजणारी यंत्रं बांधली. त्यातले काही जण दिवसात तीन-चार वेळा मिनिट-मिनिटभर चांगलीच धाप लागेल असं काहीतरी करत होते: जिना भराभर चढणं, जड पिशव्या उचलून झपझप चालणं, बससाठी धावणं. अशांमध्ये पुढच्या सुमारे सात वर्षांत मृत्यूचं प्रमाण, असं काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत ३८ ते ४० टक्के कमी दिसलं. हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे, हमीपत्र नव्हे. तरी नेहमीची लोकल फलाटात शिरताना दिसल्यावर दहिसरच्या पुलावर जी पळापळ होते, तिच्याकडे आता जरा आदराने बघायला हवं.

एक अट मात्र आहे. पळायचं ते पुलावर. रूळ ओलांडणं आणि धावत्या डब्याला लटकणं हे व्यायामाच्या खात्यात जमा होत नाही. आणि हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल, तर पुढची गाडीही चर्चगेटलाच जाते.

कंडक्टर जिंकला, पण...

व्यायाम आणि हृदय यांचं नातं शास्त्रात पक्कं झालं ते बसमध्ये. जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना करून १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, आणि झाला तरी उशिरा.

याची दुसरी बाजू जास्त मजेदार आहे. मॉरिस यांनी नंतर गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या पँटी कंबरेला नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठ्या! म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. आपला संशोधक स्वतःच्याच निष्कर्षावर टाचणी घेऊन जातो, हे मला फार आवडतं.

मुंबईत बेस्टची दुमजली बस १९३७ मध्ये आली आणि जुन्या लाल डबलडेकरने १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची फेरी मारली. त्या अरुंद जिन्यावरून तिकिटाचा चिमटा टिकटिकवत चढ-उतार करणाऱ्या आपल्या कंडक्टरांच्या कंबरा कुणी मोजल्या असत्या तर?

उभं राहून काय मिळतं?

फारसं काही नाही. बसण्याऐवजी उभं राहिलं तर मिनिटाला साधारण ०.१५ कॅलरी जास्त जळते, असं २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं गणित सांगतं. स्लो लोकलने दहिसर ते चर्चगेट सव्वा तास उभ्याने गेलात तर जमा झाल्या दहा-अकरा कॅलरी. पार्ले-जीच्या अर्ध्या बिस्किटाएवढ्या. विलेपार्ल्याचा तो १९२९ पासूनचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, त्यामुळे आता वाटेत नुसता वासही मिळत नाही. अर्थात या गणितात प्रयोगशाळेतलं शांत उभं राहणं धरलंय. विरार लोकलच्या दारातलं उभं राहणं अजून कुणी मोजलेलं नाही. खांद्यावर दुसऱ्याची बॅग, एका पायावर तोल, आणि बोरिवलीला उतरणाऱ्यांचा लोंढा आला की सर्वांगाला मालिश!

दहा हजार पावलांचा आकडा आला कुठून?

दुकानातून. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं आणि त्याच्या नावातच दहा हजारांचा आकडा होता. कंबरेवरून तो मनगटावर आला आणि आता आपल्याला रात्री साडेदहाला 'अजून १२०० बाकी' म्हणून टोचतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वयस्क महिलांचा अभ्यास झाला. दिवसाला सरासरी २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढेनासा झाला. सरासरी वय ७२ होतं, हे तिशीतल्यांनी ध्यानात ठेवावं.

बारा डब्यांची लोकल पाव किलोमीटर लांब असते. तुमचा ठरलेला डबा पुलाजवळचा असेल तर एक दिवस दुसऱ्या टोकाचा पकडून बघा, जाता-येता मिळून अर्धा किलोमीटर पदरात पडतो. ग्रुप रागावेल, तेवढं सांभाळून घ्या. मेट्रोवाल्यांसाठी आणखी सोपं. २०२२ च्या गुढीपाडव्याला '२ अ' आणि '७' या दोन्ही मार्गिका दहिसर पूर्वेपासून सुरू झाल्या, आणि त्यांची स्थानकं साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या अंतरावर आहेत. संध्याकाळी '७' वरून येताना एक स्थानक आधी, ओवरीपाड्यालाच उतरा. आणि सरकत्या जिन्याशेजारी एक न सरकणारा जिनाही असतो, तो बहुतेक वेळा मोकळा सापडतो.

कांदेपोहे बरोबर, चहा चुकीच्या वेळी

सकाळी घाईत दहा मिनिटांत होणारा आणि तरीही शहाणा नाश्ता म्हणजे पोहे. पोह्यात थोडं लोह असतं. वनस्पतीतलं लोह शरीर सहजी उचलत नाही, पण सोबत क जीवनसत्त्व मिळालं की शोषण बरंच सुधारतं. वरून लिंबू पिळणाऱ्या आजीने यावरचा शोधनिबंध वाचला नव्हता. तिला चव कळत होती. शेंगदाणे प्रथिनं देतात, कोथिंबीर आणखी थोडं क जीवनसत्त्व. मटार किंवा मोड आलेली मटकी टाकली की वाडगा भरलाच.

इथवर सगळं उत्तम. मग येतो वाफाळता चहा. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं लोहाला घट्ट धरून ठेवतात. जेवणासोबत चहा घेतला तर लोहाचं शोषण निम्म्याहून जास्त घटतं, असं प्रयोगांत दिसलंय. म्हणजे लिंबाने कमावलं आणि चहाने गमावलं. दाखवण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या मागोमाग चहाचा ट्रे आणायची प्रथा कुणी पाडली कोण जाणे. पत्रिकेतले छत्तीस गुण जुळवताना लोहाचा गुण कुणी बघितलाच नाही. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने सांगितलंय. तेव्हा ही निव्वळ गंमत राहत नाही. उपाय बिनखर्ची: चहा सोडू नका, तासभर मागेपुढे सरकवा. पोहे घरी, चहा ऑफिसात.

त्या ऑफिसातल्या चहाबद्दल एकच वाक्य. चमचाभर साखर म्हणजे पाच ग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेला आवडेल अशी दिवसाची वरची मर्यादा सुमारे २५ ग्रॅम, आणि तुमचा पाचवा कप चार वाजताच होतो.

एक वडापाव = बोरिवली आणि परत

दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला, असं मानलं जातं. घाईतल्या माणसाचं एका हातात मावणारं जेवण. वडापावाला शिव्या घालणारे लेख मला पटत नाहीत. दुपारी एकचा डबा आणि रात्री साडेनऊचं जेवण यांच्यामध्ये माणसाने काय हवा खायची? पण हिशेब हिशेबाच्या जागी. मध्यम वडापाव साधारण ३०० कॅलरींचा धरला, तर तो जिरवायला दहिसरहून बोरिवलीपर्यंत आणि परत, म्हणजे सुमारे पाच किलोमीटर झपाझप चालावं लागेल. चुरा मागून घेतलात तर थोडं पुढे, कांदिवलीच्या दिशेने.

हरभरा-बेसनाला दोष नाही. कढईतलं तेल आणि मैद्याचा पाव यांनी घोळ केलाय. म्हणून एक खा, चवीने खा. दुसरा मागवायच्या आधी शेजारच्या गाडीवर बघा, तिथे पेरू असतो. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व, म्हणजे संत्र्याच्या जवळपास चौपट. तिखट-मीठ लावून चार फाका करून देतात. मीठ कमी सांगा. ते आपण पापड-लोणच्यातून आधीच दाबून खाल्लेलं असतं.

स्टेशनबाहेरची आठ वाजताची दुकानं

संध्याकाळच्या गर्दीत, उपनगरातल्या कुठल्याही स्टेशनाबाहेर थोडं थांबून बघण्यासारखं दृश्य असतं. पसरलेल्या प्लास्टिकवर पारदर्शक पिशव्यांची रास: दोन्ही टोकं मोडून शिरा काढलेली गवार, बारीक चिरलेली फरसबी, सोललेले मटार, मोड आलेली मटकी, नुसत्या लसणाच्या पाकळ्या. विकणारी बाई गिऱ्हाईक करता करता पुढची गवार मोडत असते. नजर येणाऱ्याजाणाऱ्यांवर, बोटं आपोआप चालू. घेणारी भाव करत नाही, कारण तिला भाजीपेक्षा वेळ विकत घ्यायचा असतो. ज्यांना तेही परवडत नाही किंवा पटत नाही, त्या लेडीज डब्यात बसायला मिळालं की मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडायला लागतात. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर लेडीज स्पेशल सुरू झाली. त्या गाडीत किती घरांची रात्रीची भाजी निवडून झाली असेल!

यातलं काय उचलावं? चिरलेल्या भाजीचं क जीवनसत्त्व हवेत आणि पाण्यात कमी होत जातं. म्हणून मटार, गवार, मटकी पहिली. आधीच चिरून ठेवलेली पालेभाजी शेवटची. घरी नेऊन स्वच्छ धुवा, नीट शिजवा. मटकीची उसळ आणि भाकरी हे जेवण अर्ध्या तासात होतं. कडधान्य आणि धान्य एकमेकांची प्रथिनांतली उणीव भरून काढतात, त्यामुळे झुणका-भाकरही याच जातकुळीतली; १९९५ मध्ये राज्य सरकारने एक रुपयात विकायला काढलेली थाळी आहारशास्त्राच्या कसोटीवरही पास होते. भाकरी नाचणीची असेल तर कॅल्शियम बोनस: १०० ग्रॅम पिठात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम, दुधाच्या जवळपास तिप्पट.

दोनदा खावं की दर दोन तासांनी?

या प्रश्नावरून मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांत मोठी युद्धं झाली आहेत. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी: दिवसात दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांत. दुसरीकडे ऋजुता दिवेकरांची बाजू: थोडं थोडं, वरचेवर, स्थानिक, आणि वर तूप. एकाच घरात नवरा इकडे, बायको तिकडे आणि सासूबाई दोघांवर हसतायत, असंही चित्र आहे.

पण वेळ बांधून खाण्यात आपल्या शेजाऱ्यांचा हात धरणारा कुणी नाही. दहिसर नदी ज्या राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगरांतून निघते, तिथेच कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. इसवी सनाच्या आधीपासून पुढे अनेक शतकं तिथे बौद्ध भिक्षू राहिले, आणि विनयाचा, म्हणजे त्यांच्या आचारसंहितेचा, नियम सांगतो की भिक्षूने मध्यान्हानंतर जेवायचं नाही. सोळा तासांचा उपास आज ॲप लावून मोजणाऱ्यांच्या दोन हजार वर्षं पुढे! शिवाय कातळात खोदलेल्या त्या पायऱ्या रोज चढायच्या. रविवारी उद्यानाच्या दारापासून लेण्यांपर्यंत चालत जाऊन बघा, सहा-सात किलोमीटर आहे. मधुमेह किंवा इतर औषधं चालू असतील तर उपासाचे प्रयोग मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आपल्या घरातल्या उपासाविषयी काय बोलावं? एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यावर बटाटा, त्यावर तूप. भगर आणि दाण्याची आमटी तितकीच पुण्याची, आणि दुपारी मीटिंगमध्ये डोळेही मिटत नाहीत.

एका सतरंजीपुरती जागा

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत मुलांना सूर्यनमस्कार घालायला लावले, स्वतःही घातले, आणि १९३८ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढून परदेशात प्रचार केला. त्यांचा नमस्कार दहा अंकी होता. आज घरोघरी बारा अंकी चालतो. यंत्र लागत नाही, बूट लागत नाहीत. वन रूम किचनमध्ये पलंग आणि कपाटाच्या मधल्या पट्टीत बारा नमस्कार पाच-सहा मिनिटांत होतात, कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत.

आणि रात्री शतपावली

आयर्लंडमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये सात अभ्यास एकत्र करून सांगितलं की बसून राहण्यात खंड पाडून दोन ते पाच मिनिटं सावकाश चाललं तरी जेवणानंतर वाढणारी रक्तातली साखर खाली येते, आणि नुसतं उभं राहण्यापेक्षा चालण्याचा फायदा जास्त. शंभर पावलांना जेमतेम मिनिट लागतं, म्हणून शतपावलीचे तीन-चार फेरे धरा. सोसायटीच्या आवारात गाड्यांमुळे पाय ठेवायला जागा नसते, हे मान्य. गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे, हेही मान्य. मग पॅसेज घ्या, जिना घ्या. आणि लिफ्ट बंद पडली असेल तर आज रात्री तरी वॉचमनवर ओरडू नका.